टेनिस एल्बोसाठी घरचं कोल्ड लेझर मशीन : सात महिन्यांनंतर

आयुष्यात रॅकेट हातात धरली नाही पण टेनिस एल्बो झाला, तोही दिवाळीत चार किलोच्या चकल्यांसाठी पितळी सोऱ्या फिरवून. आधी दुर्लक्ष केलं, मग फडकं पिळता येईना, दुधाची पिशवी उचलली की कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत सणक जायची, आणि कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटीचा ॲक्सिलरेटर धरणं म्हणजे शिक्षाच. जानेवारीत कोथरूडमधल्या एका फिजिओ मॅडमकडे व्यायाम आणि लेझरच्या आठ सिटिंग घेतल्या, रोज जाणं जमेना म्हणून शेवटी घरी वापरायचं छोटं कोल्ड लेझर मशीन मागवलं, म्हणजे न शेकता नुसता प्रकाश टाकणारं.

पहिल्याच दिवशी मला वाटलं बिघडलेलंच आलंय. तोंडावर सोळा ठिपके, त्यातले बारा लाल लागले आणि मधले चार काळेच! विक्रेत्याला फोन करून भांडले, तर तो म्हणाला मॅडम ते ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचे आहेत, डोळ्याला दिसतच नाहीत. खरं होतं. लाल ६५०चा प्रकाश वरवरच जातो, हा न दिसणारा जास्त खोल जातो, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच दिसत नाही. गरमही लागत नाही. सासूबाईंचं मत, एवढ्या पैशात दोन वर्षं तेलाचं मालीश झालं असतं.

शेकल्यासारखं वाटत नाही मग होतं काय, हे मी फिजिओ मॅडमना विचारलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं, त्यातून पेशीला ऊर्जा जास्त मिळते आणि सूज-दुरुस्तीच्या कामाला मदत होते, असं मानतात म्हणे. १९६७च्या सुमारास बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर लेझरने कॅन्सर होतो का ते उंदरांवर बघत होते, कॅन्सर काही झाला नाही, उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले, तिथून हे सुरू झालं.

माझी चूक सांगते. दोन आठवडे काही फरक नाही म्हणून मी दहा मिनिटांची अर्धा तास केली, दिवसातून दोनदा, आणि कोपर जास्तच ठणकायला लागलं. मॅडमनी कागदावर हिशोब मांडला, १०० मिलीवॅट दहा सेकंद म्हणजे एक ज्यूल, आणि सांगितलं की याला ठरावीक डोस लागतो, कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर उलटा परिणाम. खताचं असतं तसंच. वर मी हे सगळं स्वयंपाकघरात, समोर स्टीलचे डबे मांडलेले असताना, चष्म्याशिवाय करत होते! मशीनसोबतचा गॉगल मी खोक्यातच ठेवला होता, त्यावरून चांगलंच ऐकून घेतलं, कारण न दिसणारा प्रकाश डब्यावरून परतून डोळ्यात गेला तर पापणीही मिटत नाही.

मग एक दिवसाआड, ठरलेला वेळ, मशीन त्वचेला टेकवून, आणि लगेच व्यायाम : हात टेबलावर, अर्धा लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट हळूऽ खाली सोडायचं. पाचव्या आठवड्यात रात्रीचा ठणका गेला. तिसऱ्या महिन्यात चहाचं पातेलं एका हाताने उतरवलं. आता फडकं पिळते, फक्त घट्ट झाकणाची बरणी अजून नवऱ्याकडे देते.

यात लेझरचा वाटा किती? प्रामाणिकपणे, वेगळा काढून दाखवता येणार नाही. बहुतेकांचा टेनिस एल्बो वर्षभरात तसाही बरा होतो, आणि बाटलीचा व्यायाम मी एकदाही चुकवला नाही. मला वाटतं लेझरने दुखणं इतपत खाली आणलं की व्यायाम करवला, नाहीतर मी तो आठवड्यातच सोडला असता. नुसतं मशीन घेऊन बरं व्हायचा प्लॅन असेल तर घेऊ नका.

शेजारच्या काकू मानेसाठी मागायला आल्या होत्या. मानदुखीवर २००९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चांगला आढावा आलाय, जुनाट दुखण्यात उपचार संपल्यावरही २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचा, तरी मी दिलं नाही कारण त्यांना थायरॉईड आहे आणि गळ्याजवळ हे मारायचं नसतं. गरोदरपणात पोटावर, कॅन्सरच्या गाठीवर तर नाहीच नाही. काकू अजून थोड्या फुगलेल्या आहेत.

तक्रार एकच, चार्जिंगची पिन ढिली झालीये, केबल वाकडी करून डिक्शनरीखाली दाबून ठेवली तरच लाईट लागतो, आणि सहा महिन्यांची वॉरंटी मागच्याच महिन्यात संपली.