घासणाऱ्या स्लरीसाठी पिस्टन, प्लंजर की डायफ्रॅम पंप?

स्लरीचा, म्हणजे पाण्यात घन कण मिसळलेल्या मिश्रणाचा, पंप घ्यायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती दाबाची आणि डिस्चार्जची, म्हणजे ठराविक वेळात किती माल निघतो त्याची. ती हवीच. पण माझ्या मते निवड ठरवणारा प्रश्न वेगळा आहे: कण पंपाच्या आत नेमके कुठे घासणार?

दाब कमी असेल तर सेंट्रिफ्यूगल पंप घ्या, म्हणजे फिरत्या चाकाने (इम्पेलरने) स्लरी फेकणारा. तो स्वस्त असतो आणि मोठे खडेही गिळतो. पण एका पंपाचा हेड, म्हणजे स्लरी उंच ढकलण्याची ताकद, मर्यादित असल्याने जास्त दाबासाठी एकामागे एक पंप जोडावे लागतात. वेग वाढवला तर इम्पेलरची झीज साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. लांब पाइपलाइनला किंवा मोठ्या दाबाला म्हणूनच दट्ट्याच्या जातीचे पंप लागतात. त्यांची गती संथ असते आणि विजेचा हिशेबही त्यांच्याच बाजूने लागतो.

या जातीत खरी निवड तिघांमधली आहे.

साध्या पिस्टन पंपात रबरी पिस्टन कठीण धातूच्या लायनरमध्ये (आतल्या नळकांड्यात) पुढे-मागे फिरतो. डबल-ॲक्टिंग रचनेत दोन्ही बाजूंना स्लरी असते. कण रबराच्या ओठाखाली शिरले की लायनर खरवडला जातो. तरीही मऊ मालासाठी हा पंप उत्तम. अमेरिकेत ॲरिझोनातून नेवाडातल्या वीजकेंद्राला कोळसा नेणारी सुमारे ४४० किलोमीटरची ब्लॅक मेसा पाइपलाइन १९७० पासून २००५ च्या अखेरपर्यंत अशाच पंपांवर चालली. स्लरीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असे, पण कोळसा मुळात फारसा घासत नाही.

टास्मानियातल्या सॅव्हेज रिव्हरच्या मॅग्नेटाइटचं तसं नव्हतं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ८५ किलोमीटरच्या लाइनवर प्लंजर पंप बसवले गेले. प्लंजर पंपात गळती अडवणारं पॅकिंग जागेवर स्थिर असतं आणि दांडा (प्लंजर) त्यातून सरकतो. त्यामुळे पॅकिंगजवळ स्वच्छ पाण्याची धार सोडून कणांना दूर ठेवता येतं. मात्र हे पाणी खरंच स्वच्छ आणि अखंड हवं. ते तुटलं की पॅकिंग आणि दांडा दोन्ही लवकर जातात. पाण्याची टंचाई असलेल्या जागी मी हा पर्याय सुचवणार नाही. शिवाय हे पाणी स्लरीत मिसळतं. प्रक्रियेला ते चालतं का, हेही विचारून घ्या.

पिस्टन-डायफ्रॅम पंपात पिस्टन फक्त तेलात चालतो आणि स्लरी रबरी पडद्यापलीकडे राहते. घासण्यासारखे उरतात ते मुख्यतः व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या जागा. किंमत सगळ्यांत जास्त, आकार आणि वजन मोठं, दुरुस्तीला शिकलेला माणूस हवा. पण चोवीस तास चालणाऱ्या लाइनला, जिथे बंद पडलेला तास महाग पडतो, तिथे मी हाच घेईन.

अंदाजावर जाऊ नका, आपल्या स्लरीचा मिलर नंबर, म्हणजे ती किती घासते त्याचं माप, काढून घ्या. एएसटीएम जी ७५ ही त्याची प्रमाणित चाचणी आहे. ढोबळ नियम असा की नंबर ५० च्या आत असेल तर साधा पिस्टन पंप निभावतो. त्यावर गेला तर फ्लशिंगचा (स्वच्छ पाण्याची धार सोडणारा) प्लंजर पंप किंवा डायफ्रॅम पंप. नमुना आपल्याच प्लांटचा द्या, कारण एकाच खनिजाचा नंबर कणांच्या धारेनुसार आणि जाडीनुसार बदलतो.

स्लरीतलं पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेससारखं अधूनमधून चालणारं छोटं काम असेल, तर मात्र महाग डायफ्रॅम पंपाचा हट्ट नको.

कोटेशन घेताना व्हॉल्व्ह, सीट आणि पॅकिंगचा संच किती तास चालतो, ते तुमच्यासारख्याच स्लरीवरच्या अनुभवानिशी लेखी मागा. स्पेअरची किंमतही त्याच कागदावर हवी. तिन्ही पंपांना सक्शनकडे (स्लरी आत येते त्या बाजूला) ती दाबाने पुरवणारा चार्ज पंप, डिस्चार्जकडे (ती बाहेर पडते त्या बाजूला) धडके शोषणारा डॅम्पनर आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह लागतो. पुढचा व्हॉल्व्ह बंद असला तरी हे पंप ढकलत राहतात आणि पाइप फुटतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह वेगळ्या खर्चात दाखवलेला असेल, तर तो वगळून किंमत कमी करायला कधीही तयार होऊ नका.