आमच्या मंडळीची खबरबात व्यवस्था: साडेतीन स्टार

हॉटेलांचे रिव्ह्यू लिहितो, गॅरेजवाल्याचे लिहितो, मग आपल्या चर्चनेच काय घोडं मारलंय. नगरहून पिंपरीला आलो त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून याच मंडळीत आहे. नाव लिहीत नाही, पाळकसाहेब वाचतील. संदेश, गायन वगैरेवर बोलणार नाही, फक्त खबर घराघरात कशी पोचते तेवढंच.

आधी व्हॉट्सॲप ग्रुप. पहाटे साडेपाचपासून वचनं सुरू, गुलाबाचं फूल, खाली स्तोत्र २३, त्याला पन्नास-साठ आमेन. यंदा झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आदल्या रविवारची) उपासनेची वेळ बदलली तो मेसेज या आमेनांच्या ढिगाखाली गेला आणि आम्ही कडक इस्त्रीचे कपडे घालून साडेआठला गेटवर, तर लोक झावळ्या हातात घेऊन घरी निघालेले. सेक्रेटरी दादांना विचारलं तर म्हणे, "ग्रुपवर टाकलं होतं की." टाकलं होतं, खरंय, रात्री पावणेबाराला! अरे एक वेगळा ग्रुप करा ना, फक्त ॲडमिन लिहील असा, आमेन तिकडे सूचना इकडे. ब्रॉडकास्ट लिस्ट करतो म्हणाले, पण ज्याच्या फोनमध्ये चर्चचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज जातो, म्हणजे नवीन आलेलं कुटुंब बाहेरच.

रविवारची निवेदनं मात्र फुल मार्क. मागच्या रविवारचं अर्पण रुपया-रुपयासकट, गुरुवारची घर-प्रार्थना कुणाकडे, वायसीएमला कोण ॲडमिट आहे आणि कितव्या मजल्यावर, हंगामाच्या सणाला लिलावासाठी कोंबडी कोण देतंय, सगळं. लांबतं थोडं, पण लोक संदेशापेक्षा हे नीट ऐकतात (पाळकसाहेब, माफी). आपल्या लोकांना सवय जुनीच म्हणा, नगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली निघालं ते अजून चालू आहे. आमची आजी अंक हातात आला की आधी कोण प्रभूमध्ये निजलं ते बघायची, लेख नंतर, जमलं तर.

यूट्यूब लाइव्ह २०२० च्या लॉकडाऊनपासून आहे, दुबईचा पुतण्या बघतो, माइकची घरघर सोडली तर ठीक.

आणि भगिनी मंडळाच्या मावशी. बटणांचा फोन आणि एक शंभर पानी वही, बस. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा मी ग्रुपवर एक अक्षर टाकलं नव्हतं, तरी संध्याकाळी सातला मावशी डब्यात मऊ भात घेऊन दारात. कळलं कसं विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी तिसऱ्या बाकावर दिसल्या नाहीत ना." वहीत चप्पलांच्या मापापर्यंत सगळं असेल असा माझा संशय आहे.

दीड स्टार कापला त्यातला अर्धा कॅरलचा, म्हणजे नाताळात पोरं घरोघरी गात फिरतात त्याचा. टाइमटेबलचा फोटो इतका बारीक येतो की झूम करून डोळे जातात, त्यात आमची गल्ली रात्री ११ ला. गेल्या डिसेंबरात पोरं पावणेतीनला आली, चहा तीनदा गरम केला आणि केक आमच्याच मुलांनी संपवला. आधीच्या घरून निघताना एक फोन करा रे, किंवा मावशींना गाडीत पुढे बसवा.