आठ महिन्यांच्या वापरानंतर: जिओजेब्रा, पेन टॅब्लेट आणि दहावीचे बीजगणित

माझ्या भाचीची मुलगी नाशिकला दहावीत आहे. गेल्या जूनपासून आठवड्यातून तीन संध्याकाळी मी पुण्यातून तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना राज्य मंडळाच्या ‘गणित भाग १’च्या गृहपाठात मदत करतो. सुरुवातीला वहीवर उदाहरण सोडवून त्याचा फोटो पाठवत असे. मुली तो जसाच्या तसा उतरवून घेत, आणि पुढच्या उदाहरणाला पुन्हा अडत. म्हणून एक साधा, पडदा नसलेला पेन टॅब्लेट (संगणकाला जोडायची पाटी; तिच्यावर पेनने लिहिले, की अक्षर संगणकाच्या पडद्यावर उमटते) घेतला आणि आलेखांसाठी जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर वापरू लागलो.

हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवून लिहिण्याची सवय होण्यास मला तीन आठवडे लागले. तोवर माझे अक्षर पहिलीतल्या मुलासारखे येत होते. मात्र त्यामुळे माझा वेग मंदावला आणि मुली मध्येच ‘थांबा आजोबा, हे चिन्ह कसं बदललं?’ असे विचारू लागल्या, हा लाभ मी मुळीच गृहीत धरला नव्हता.

जिओजेब्रा मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात विकसित करण्यास सुरुवात केली. व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी ते विनामूल्य आहे. त्याचे खरे मोल मला वर्गसमीकरणांच्या वेळी कळले. क्ष² − ८क्ष + १५ = ० याचे अवयव (क्ष − ३)(क्ष − ५) असे बरोबर पाडूनही एकीने मुळे −३ आणि −५ लिहिली होती. मी चूक सांगितली नाही, केवळ आलेख काढला. वक्र क्ष-अक्षाला ३ आणि ५ येथे छेदताना पाहून तिने स्वतःच उत्तर खोडले. मग १५ च्या जागी स्लायडर (सरकवून किंमत बदलता येणारी पट्टी) ठेवून तो १६ वर नेला, तेव्हा दोन्ही छेदनबिंदू ४ वर एकत्र आले, आणि १७ वर वक्र अक्षापासून सुटून वर गेला. विवेचक (b² − 4ac, म्हणजे मुळे कशी आहेत हे सांगणारी किंमत) ४, ० आणि −४ का येतो, हे सूत्र पाठ करून घेताना मला कधीच इतक्या सहज समजावता आले नव्हते.

समीकरण सोडवण्याची आज्ञा दिली, की उत्तर थेट समोर येते, पायऱ्या दिसत नाहीत; त्यामुळे ती सोय मी उत्तर पडताळण्यापुरतीच ठेवली आहे. शिवाय परीक्षेत आलेख कागदावरच काढायचा असतो, म्हणून रेषीय समीकरणांसाठी मुलींनी आधी कागदावर तीन-तीन बिंदू घेऊन रेषा काढायच्या आणि नंतरच पडद्यावर पाहायचे, असा नियम केला. श्रेढी आणि अर्थनियोजन या प्रकरणांत जिओजेब्राची गरज फारशी पडली नाही, पेन पुरले.

लहान मोबाइलवर आलेख फारच बारीक दिसतो, तेव्हा शिकणाऱ्याकडे निदान जुना लॅपटॉप तरी असावा. पेनाचे टोक पाचव्या महिन्यात झिजले. सोबत सुटी टोके मिळाली होती, पण टॅब्लेट घेताना ती आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.