'वाडा चिरेबंदी': वहिनी घ्यावी, अंजली की प्रभा?

भात झोडून कणग्यात पडलं की आमच्याकडे कोकणात नाटकाच्या गोष्टी सुरू होतात. कुणाच्या तरी पडवीत पाचसहा जण जमतात. यंदा उत्सवाला काय बसवायचं, स्पर्धेला काय न्यायचं, यावर रात्री अकरापर्यंत बोलणं चालतं, आणि दोनतीन वर्षांनी एकदा तरी कुणीतरी महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चं नाव काढतंच. पुरुषांची पात्रं पटकन वाटून होतात. घोळ होतो तो बायकांशी, कारण या नाटकात एकाच घरात सहा बायका आहेत आणि एकीचं माप दुसरीला लागत नाही. दादी, आई, वहिनी, अंजली, प्रभा, रंजू.

तुम्हाला विचारणा झाली असेल आणि आठवड्याभरात हो-नाही सांगायचं असेल, तर हे तुमच्यासाठी. मी या नाटकात दोनदा उभी राहिले आहे. पहिल्यांदा अंजली केली, बारा वर्षांनी वहिनी. दोन्ही वेळा प्रभा करणारी मुलगी माझ्या शेजारी तालमीला बसायची, त्यामुळे तिचीही ओढाताण जवळून पाहिली आहे. आई आणि दादीबद्दल थोडकंच सांगेन. ती कामं वयानं ठरतात, निवडीनं फारशी नाही.

नाटक 1985 मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली आलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून झाले आणि 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही भाग एकत्र उभे केले. गावपातळीवर मात्र आपण पहिलाच भाग करतो. धरणगावकर देशपांड्यांच्या घरात वडील तात्याजी वारलेत, तेरावा व्हायचा आहे, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आलाय, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे, आणि खर्चाला पैसा नाही.

'चिरेबंदी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जांभा येतो. लाल, भोकाभोकांचा, पावसात काळा पडणारा. आमच्या पहिल्या प्रयोगाला नेपथ्यही तसंच रंगवलं होतं, आणि ते चुकलं. हा वाडा काळ्या मातीच्या मुलखातला आहे, वैदर्भी. तिथली माणसं 'काय करून राहिलास' म्हणतात. आपल्या तोंडात जो हेल आहे तो या घरात चालत नाही. भूमिका निवडताना ही भाषेची अडचण आधी मोजा, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर ठरतं.

तर अंजली. ती सुधीरची बायको, मुंबईत राहणारी आणि कोकणस्थ. देशस्थ घरात आलेली कोकणस्थ सून. आपल्या गावातला दिग्दर्शक लगेच म्हणतो, ही तर आपलीच, हिला भाषेचा त्रास नाही, हे काम तुला दहा दिवसांत होईल. मलाही तसंच सांगितलं गेलं होतं आणि मी आनंदानं हो म्हटलं होतं. भाषेचं खरंच सोपं जातं. पण ती आपली आहे हाच या कामातला खड्डा आहे.

आपल्या प्रत्येकीच्या डोक्यात चाकरमान्याच्या बायकोचं एक चित्र आधीपासून असतं. गणपतीला येते, मागच्या दारी पाय ठेवताना साडी वर धरते, न्हाणीघराचा वास आला की तोंड फिरवते, जाताना मात्र आमसुलं आणि फणसपोळी बांधून नेते. मी अंजली केली ती हीच. पर्स काखेत, नाक थोडं वर. पहिल्या अंकात मला हशा मिळाला, विंगेत येऊन मी खूश होते. पण एकदा हसलेला प्रेक्षक मग तिचं काही ऐकून घेत नाही. वाटणीचा, दागिन्यांचा विषय ती काढते तेव्हा समोरून 'बघा, आली हिशेबाला' असाच सूर उमटला. नाटकात तो प्रश्न खरा आहे. मुंबईचे म्हणजे पैसेवाले, हे गावानं धरून चाललेलं असतं, आणि मुंबईत राहणाऱ्याला ते खोडून काढताही येत नाही. अंजलीला तिच्या नवऱ्याच्या मनातला अपराधीपणा रोज घरात बघायला लागतो. ती या घरात पाहुणी आहे आणि तरी वाटेकरी आहे. मला हे तिसऱ्या प्रयोगानंतर कळलं, तोवर स्पर्धा होऊन गेली होती.

म्हणून तुलना करताना 'अंजली सोपी, वहिनी अवघड' हे गणित मी उलटं मांडते. अंजलीचे शब्द सोपे आहेत, बाई अवघड. वहिनीचं बोलणं तोंडात बसायला महिना लागतो, पण बाई तुमच्या घरातच कुठेतरी आहे. तुमची आई, थोरली काकू, जिनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या ताटात वाढलं आणि स्वतः शेवटी जेवली.

वहिनी ही भास्करची बायको, घरातली थोरली सून. ती सतत कामात असते. संहितेत पान उलटताना तिची वाक्यं मोजू नका, ती मोजायची बाई नाही. ती आत जाते, बाहेर येते, कुणाला काय हवं ते बघते, मुलीला पाठीशी घालते, नवऱ्याच्या मनातलं ओळखते. नटीला इथे हात लागतात. पहिल्या दिवसापासून हातात खरं भांडं, खरं सूप, खरे तांदूळ घेऊन तालीम करा. रंगीत तालमीला ते मिळेल म्हणणारा दिग्दर्शक असेल तर स्वतः घरून न्या. मी दोन शेर तांदूळ रोज डब्यातून न्यायचे आणि संवाद म्हणताना निवडायचे. आठव्या-नवव्या दिवशी लक्षात आलं की कुठला खडा बोटाला लागला की मी थांबते आणि कुठल्या वाक्याला थांबते ते एकच व्हायला लागलं आहे.

आणि मग तो रात्रीचा प्रवेश. दार लावून भास्कर दागिन्यांचा डबा उघडतो आणि वहिनी तो पिढीजात ऐवज अंगावर चढवते. मराठी रंगभूमीवर मोठी भाषणं पुष्कळ आहेत, बाईला नुसतं घालू-बघू देऊन एवढं सांगणारे प्रवेश थोडे. हावरेपणा म्हणून केलात तर प्रवेश मरतो. सुख म्हणून केलात तर अर्धाच होतो. जन्मभर ज्या घरासाठी राबलो त्या घराची मी लक्ष्मी आहे, हे पहिल्यांदा आणि चोरून, असं ते आहे. ज्या बायकांनी हे आधी घातलं त्या सगळ्यांचं ओझं अंगावर येतंय असं मला दर वेळी वाटायचं.

ओझं म्हटलं ते नुसतं बोलायला नाही. भाड्यानं मिळणारे दागिने इतके हलके असतात की अंग खोटं बोलायला लागतं. हात उगाच वर उचलला जातो, मान सहज फिरते. आमच्या गटात एकजण बंदरावरचा होता. त्यानं जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणून दिल्या, त्या मी कापडी पट्टीत शिवून कमरेला आणि दंडाला बांधल्या, वरून खोटे दागिने. दुसऱ्या तालमीला माझी चाल बदलली. उभं राहण्याआधी मी आपोआप गुडघ्यावर हात ठेवायला लागले. वहिनी करणार असाल तर हे नक्की करा.

आता प्रभा. पंचविशीतल्या सगळ्या मुली हीच मागतात आणि मला त्यांचं मन कळतं. ती भास्कर-सुधीरची बहीण, लग्न न झालेली, शिकायची भूक असलेली, आणि बापानं बाहेर शिकायला जाऊ दिलं नाही म्हणून घरात अडकलेली. तिच्या तोंडी धारदार बोलणं आहे. ऑडिशनला ते वाचलं की सगळे गप्प होतात. पण पूर्ण प्रयोगात प्रभा बहुतेकदा पहिल्या प्रवेशातच कडवट होऊन येते आणि मग पुढे जायला जागा उरत नाही. दोन्ही वेळा आमच्या प्रभाचं हेच झालं. दागिन्यांतला आपला वाटा मिळाला तर अजूनही शिकता येईल, ही आशा तिला आहे. ती आशा प्रेक्षकाला दिसली पाहिजे. तिच्या रागापेक्षा ती जास्त खरी ठेवा. घरातली रंजू जाते आणि ऐवज जातो तेव्हा प्रभाचं जे होतं ते आशा दिसली असेल तरच लागतं, नाहीतर चिडकी आत्या आणखी थोडी चिडली एवढंच.

रंजूबद्दल इथेच सांगते, कारण ती प्रभाशिवाय समजत नाही. भास्कर आणि वहिनीची मुलगी, सिनेमाच्या गाण्यांत रमलेली. जिला शिकायचं होतं त्या आत्याला घराबाहेर जाऊ दिलं नाही. जिला शिकण्यात रस नाही त्या भाचीला शिकवणी लावली, आणि ती त्या शिकवणीच्या मास्तरबरोबरच दागिने घेऊन पळून गेली. रंजू परत येते, सोनं येत नाही. हे लिहिताना लेखकानं किती विचार केला असेल! रंजू करणाऱ्या मुलीला दिग्दर्शक फक्त नाचकाम सांगतात. तुमच्या गटात तसं चाललं असेल तर वहिनी म्हणून तुम्ही तिची बाजू घ्या. वहिनीच्या डोळ्यांत ती वाया गेलेली नाही, लाडकी आहे, आणि जे वहिनीला कधी मिळालं नाही ते रंजूला मिळावं असं तिला वाटतं. माय-लेकीच्या दोनतीन तालमी वेगळ्या करा.

एक सोन्याचा डबा मध्ये ठेवून सहाजणींना भोवती बसवलं तर फरक हातात येतो. वहिनी तो अंगावर घालते, प्रभाला त्यात कॉलेज दिसतं, अंजलीला नवऱ्याचा हक्क, रंजूला पळून जायची सोय. आईनं घरातलं इतकं जाता-येताना पाहिलंय की तिला शेवटी माणसं हवीत. दादीला तर काळाचंच भान नाही. ती वेळ विचारते, गेलेल्या लेकाला, म्हणजे तात्याजींना, व्यंकटेश म्हणून हाका मारते, आणि त्या हाकेनं अख्खं घर दचकतं. दादी कुणा वयस्क बाईला द्या जिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. आई पन्नाशीच्या पुढच्या आणि कमी बोलून रंगमंच धरून ठेवणाऱ्या बाईला. आईचं काम छोटं समजून कुणी नाकारलं तर तिला शेवटचा भाग वाचायला सांगा.

मग तुम्ही काय घ्यावं?

स्पर्धेला जायचं असेल, दोन महिने हातात असतील आणि वैदर्भी बोलणं शिकवणारं कुणी मिळणार असेल, तर वहिनी. मोबाइलवर त्या भागातल्या माणसांची साधी बोलणी ऐका, नुसता 'राहिला-राहिली' लावून होत नाही, वाक्याची पट्टीच वेगळी आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तरी घाबरू नका. मी केली तेव्हा रंजू करणारी मुलगी माझ्याहून फक्त नऊ वर्षांनी लहान होती, आणि कुणालाही खटकलं नाही.

उत्सवाचा प्रयोग असेल, वीस दिवसांत उभं करायचं असेल, तर अंजली घ्या, पण पहिल्या दिवशी दिग्दर्शकाला सांगा की मला या बाईवर हशा नको. पर्स ठेवा घरी. तिला वहिनीच्या बरोबरीनं काम करू द्या, जमत नसलेलं काम. चूल वेगळी, भांडी वेगळी, कुठे काय ठेवलंय ठाऊक नाही, आणि विचारायची चोरी. दोघी जावा एकत्र असतात ते प्रवेश या एका गोष्टीनं बदलतात.

प्रभा तेव्हाच घ्या जेव्हा समोरची वहिनी आणि आई भक्कम असतील. तिच्या कामाला टेकायला भिंत लागते. वहिनी ढिली पडली की प्रभा एकटी ओरडत राहते. मी ते मागून, विंगेतून, पाहिलं आहे आणि त्या मुलीचा काही दोष नव्हता.

उत्तर द्यायच्या आधी संहिता मागून घ्या आणि घरी एकदा मोठ्यानं वाचा. तुमच्या भूमिकेची वाक्यं रंगवत बसू नका. ती बाई रंगमंचावर आहे आणि गप्प आहे अशी पानं दुमडून ठेवा. त्या पानांवर तिनं काय करत असावं हे तुम्हाला ज्या बाईबद्दल पटकन सुचेल, तिचं नाव उद्या पडवीत सांगा.