तीन रूट कॅनालचे पैसे घेतले, एक्स-रेत मात्र दोनच दिसले

आईची खालची उजवी दाढ ठणकत होती. दुखणं त्या एका दाढेचंच. घराजवळच्या चकचकीत क्लिनिकमध्ये नेलं, तर दहा मिनिटांत निदान झालं: "तीन दातांना रूट कॅनाल लागेल, एकदम केलंत तर पॅकेजमध्ये बसवतो." आई घाबरलेली, मला ऑफिस गाठायचं होतं. कुठल्या दाताला का, हे न विचारताच मी हो म्हणालो. कॅपसकट 27,000 रुपये गेले. पावती म्हणून अपॉइंटमेंटच्या कार्डामागे पेनने लिहिलेला आकडा मिळाला.

त्यानंतर वरच्या एका दाताला थंड पाण्याची सणक जायची. "सवय होईल," असं क्लिनिकमधून सांगत राहिले. रूट कॅनालमध्ये दाताची नसच काढून टाकतात, मग त्याच दाताला थंड लागेल कसं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सात महिन्यांनी मूळची दाढ सुजली, तेव्हा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून नीट समजावलं. नस काढायची, मुळातल्या नळ्या फाइलने (सुईसारख्या बारीक कानशीने) साफ करून औषधाने धुवायच्या आणि त्यांत गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरायचा. तो एक्स-रेत मुळाच्या टोकाजवळपर्यंत पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. आईच्या दाढेत ही रेघ अर्ध्यावरच थांबली होती. एक नळी तर रिकामीच होती. दुसरा दात ठीक होता. तिसऱ्यात रेघच नव्हती! चांगला दात घासून वर नुसती कॅप चढवली होती. कॅप काढून थंड बोळा टेकवताच आई दचकली. नस जिवंत होती.

दाढेचं मी एकवेळ समजून घेईन. नळी वाकडी किंवा बंद असते, फाइल आत तुटते, हे चांगल्या डॉक्टरांकडूनही होतं. फक्त तसं पेशंटला सांगायला हवं. पण न केलेल्या रूट कॅनालचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, काम सुरू होण्याआधी प्रत्येक दाताचा एक्स-रे बघा आणि थंड लावून नस तपासली का, ते विचारा. काम झाल्यावर, कॅप बसण्याआधीचा एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या. पांढरी रेघ तुम्हालाही दिसते. झिरकोनियाची (मजबूत पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप असेल तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागा. आम्हाला ते आजतागायत मिळालेलं नाही. बिलात दाताचा नंबर लिहून घ्या.

आमच्याकडे पक्कं बिल नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. महाविद्यालयातले एक्स-रे जोडून आमचा अर्ज तयार आहे, सोमवारी दाखल करतोय. आईचा तो चांगला दात मात्र आता कायम कॅपखालीच राहणार.