सबवूफरमध्ये गट्टू निघाला

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी मी साडेअकरा हजार रुपये मोजून अर्धा गट्टू विकत घेतला. रस्त्याच्या कडेला बसवतात तोच, सिमेंटचा. फरक एवढाच की माझा गट्टू एका काळ्या चकचकीत खोक्यात होता आणि त्या खोक्याला सबवूफर म्हणतात, म्हणजे धडधडणारा जाड आवाज काढणारा स्पीकर.

आडतीला सोयाबीन घातलं होतं, पट्टीचे पैसे हातात पडले होते. घरी त्रेचाळीस इंची टीव्ही आहे. हल्लीचे टीव्ही पापडासारखे पातळ. त्यात स्पीकरला जागा कुठली? ते बसवतात खाली नाहीतर मागं तोंड करून, म्हणजे आवाज आधी भिंतीला जातो आणि मग आपल्याकडं येतो. आबांचं वय ७६. त्यांना बातम्या ऐकू याव्यात म्हणून आवाज चाळीसवर न्यायचा, आणि मधेच जाहिरात लागली की शेजारचं तान्हं पोर दचकून उठायचं. लेकीला मोबाइलवरची गाणी मोठ्यानं हवी होती, मला रात्रीचा पिक्चर. साउंडबार म्हणजे टीव्हीपुढं ठेवायचा लांबट स्पीकर; अशा एका बारमध्ये तिघांचं भागेल असा हिशेब केला. तो हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही.

लातुरात औसा रोडला एका मंगल कार्यालयावर बॅनर होता, 'कंपनी स्टॉक क्लिअरन्स, फक्त चार दिवस'. मी खरं तर मिक्सर बघायला गेलो होतो, हे बायको अजून चारचौघांत सांगते. आत मिक्सर, पंखे, कुकर, आणि जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर मांडलेला साउंडबार. सोबत सबवूफर आणि मागं ठेवायचे दोन छोटे स्पीकर. गळ्यात पट्टा घातलेला पोरगा म्हणाला, "बसा काका." त्या पट्ट्याला कार्ड नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, वीज कडाडली, छातीत धडधडलं. "एक हजार वॅट आहे काका. डॉल्बी अॅटमॉस. ५.१.२."

आपल्याकडं डॉल्बी म्हटलं की ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आणि तिच्यापुढं नाचणारी वरात. खरी डॉल्बी ही रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये काढलेली कंपनी. वरातीतल्या भिंतीशी तिचा काडीचाही संबंध नाही. अॅटमॉस ही तिची २०१२ साली आलेली पद्धत, ज्यात कुठला आवाज कुठून यावा, अगदी डोक्यावरूनसुद्धा, हे आधीच ठरवून ठेवता येतं. पण 'डॉल्बी' शब्द कानावर पडला की आपला माणूस खिशात हात घालतो, आणि हे त्या पोराला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ५.१.२ मधला पाच म्हणजे पुढचे-मागचे स्पीकर, एक म्हणजे सबवूफर आणि शेवटचा दोन म्हणजे वर तोंड केलेले. ते आवाज छतावर आपटवून खाली आणतात, म्हणून छत सपाट आणि टणक लागतं. स्लॅब चालतो; गावाकडं आमच्या लाकूड-मातीच्या माळवदाखाली त्याचा काही उपयोग नाही. मी विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला, "पत्रा असू द्या, माळवद असू द्या, काही फरक पडत नाही."

मी म्हटलं, बातम्यांचं चॅनल लाव. तर केबलचं कनेक्शन नाही. बरं, माझ्या मोबाइलवरचा अभंग लाव. तर डेमो पीसचं ब्लूटूथ बंद आहे. तिथंच उठायला पाहिजे होतं. बसून राहिलो.

डबा उघडून दाखव म्हटलं, तर "सील तुटलं की वॉरंटी गेली". पक्कं बिल मागितलं, तर अठरा टक्के वर, म्हणजे २,०७० रुपये जास्त. डब्यावर ४२,९९० छापलेलं, मला ११,५०० ला मिळतोय, त्यात आणखी दोन हजार वाचतायत. मी मनातल्या मनात खूश. वहीतून फाडलेली एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर नुसतं 'एस्टिमेट' छापलेलं. स्कॅन करताना फोनवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. "अकाउंटंटचा नंबर आहे," म्हणाला.

घरी जोडला. आबा खुर्ची पुढं ओढून बसले, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ढोल वाजूलालाय नुसता. माणूस काय बोलूलालाय तेच कळंना."

खरं दुखणं तेच होतं. पिक्चरमध्ये बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. ५.१ म्हणवणाऱ्या बारमध्ये मधोमध वेगळा स्पीकर असतो तो त्यासाठीच, आणि चांगल्या बारवर बोलणं उचलून देणारं एखादं बटणही असतं. माझ्या रिमोटवर मूव्ही, म्युझिक आणि न्यूज अशी तीन बटणं होती. मूव्ही दाबलं की निळा दिवा, म्युझिकला हिरवा, न्यूजला लाल. आवाज तिन्हीला तोच. लेकीनं डोळे मिटून ऐकायचं आणि मी बटणं बदलायची, असं दहा वेळा केलं. तिला एकदाही ओळखता आलं नाही. अभंग लावला तर टाळ पत्र्यावर खडे पडल्यासारखे आणि पखवाज विहिरीत. एचडीएमआयची वायर लावली तर टीव्हीला बार दिसेचना. शेवटी ब्लूटूथवर जोडला, तर बातम्या देणारीचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. ब्लूटूथ आवाज आवळून पाठवतं, मग बार तो उलगडतो, त्यात वेळ जातो. चांगल्या बारलाही टीव्हीसाठी वायरच बरी. मागच्या दोन स्पीकरना कान लावून बघितलं. गप्प.

तिसऱ्या दिवशी गंजगोलाईतल्या एका जुन्या मेकॅनिककडं नेला. त्यानं आधी बार बघितलाच नाही, अडॅप्टर हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यावरचं बारीक वाचलं. १५ व्होल्ट, २ अँपिअर. "करा गुणाकार." तीस. "आत तीस वॅट जातेत आन् बाहेर हजार येतेत? मग महावितरणला कशाला विचारायचं, ह्यालाच तार लावू." हजाराच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं होतं. तो आकडा कुठल्याही ठरलेल्या मापानं मोजत नाहीत, ज्याला जेवढा वाटेल तेवढा छापतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद. अडॅप्टरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनी कुठली ते कळतं. माझ्या अडॅप्टरवर ती जागाच कोरी.

मग त्यानं बारचे स्क्रू काढले. जाळीमागं आठ गोल दिसायचे. त्यातले दोन कागदी स्पीकर, बाकी सहा प्लास्टिकच्या चकत्या. एचडीएमआयचं तोंड डिंकानं चिकटवलेलं, त्यातून एक तारही बोर्डाकडं जात नव्हती. खऱ्या बारला तिथं 'एआरसी' लिहिलेलं असतं, टीव्हीच्याही एका पोर्टवर तेच असतं. २००९ पासून ही सोय आहे. एकाच वायरीतून टीव्हीचा आवाज बारमध्ये येतो आणि टीव्हीच्याच रिमोटनं कमी-जास्त होतो. मागचे स्पीकर उघडायची गरजच पडली नाही, हलवले तर आत खुळखुळ.

सबवूफरमध्ये चार इंची स्पीकर, आणि तळाला अर्धा गट्टू. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. "वजन लागतंय की, मालक," मेकॅनिक म्हणाला. "उचलल्यावर माल वाटाय पाहिजे."

तिथून तडक मंगल कार्यालय गाठलं. सेल लागल्यापासूनचा पाचवा दिवस होता. स्टेजवर दोन बाया लग्नासाठी बटाटे सोलत बसल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, हॉल चार दिवस रोखीनं दिला होता, आमचा संबंध संपला. पोराचा नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, बाई नीट बोलल्या, आणि पहिलाच प्रश्न विक्रेत्याचं नाव-पत्ता काय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा आयोगात फीसुद्धा लागत नाही. पण नोटीस पाठवायची कुणाला? डब्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर छापणं बंधनकारक असतं. माझ्या डब्यावर फक्त 'दिल्ली'. जे २,०७० रुपये वाचवले म्हणून मी खूश होतो, तेवढ्या पैशांत मला एक नाव मिळालं असतं. नाव देणारा असता तर त्यानं गट्टू विकला नसता, हेही खरं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. आबा परत चाळीसवर गेले.

मागच्या आठवड्यात मेहुण्याचा उदगीरहून फोन आला. तिथंही तसलाच बॅनर, नाव वेगळं, चारच दिवस. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर पाच मिनिटांच्या बातम्या आणि एक अभंग घेऊन जा आणि तोच लावायला सांग. जो डबा घरी न्यायचा तोच तिथं उघड, अडॅप्टर वाच, मागच्या स्पीकरला कान लाव. बिलावरचा जीएसटी नंबर २७ नं, म्हणजे महाराष्ट्राच्या आकड्यानं, सुरू होतो का बघ आणि पैसे द्यायच्या आधी तिथंच उभा राहून पोर्टलवर टाक.

अर्ध्या तासानं परत फोन. "दाजी, तो म्हणूलालाय, बाहेरचा पेनड्राइव्ह लावला की व्हायरस येतो."