डेप्थमॅपएक्स: फुकट आणि अचूक, पण नकाशा नीट दिला तरच

रस्त्यांच्या जाळ्याचा स्पेस सिंटॅक्स पद्धतीने, म्हणजे रस्ते एकमेकांना कसे जोडलेत त्यावरून वर्दळ ताडत, अभ्यास करायचा तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात घडलेलं डेप्थमॅपएक्स हे सॉफ्टवेअर हाताशी हवंच. मुक्त-स्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. दिसायला मात्र जुनाट.

रस्त्यांच्या रेषांची डीएक्सएफ (कॅड नकाशाची) फाइल मीटरमध्येच द्या. अक्षांश-रेखांशात दिलीत तर ८०० मीटरच्या त्रिज्येला, म्हणजे प्रत्येक रस्त्यापासून किती अंतरापर्यंत मोजायचं त्या मर्यादेला, काही अर्थच उरत नाही. रेषांचे सेगमेंट (दोन चौकांमधले तुकडे) करून टुलिप विश्लेषण (वळणांच्या कोनांवर आधारलेलं) निवडा, बिन म्हणजे कोनांचे कप्पे १०२४ ठेवा, 'चॉइस'वर (रस्ता किती वाटांच्या मधे येतो ते मोजणाऱ्या पर्यायावर) टिक करा आणि त्रिज्येत एन (म्हणजे मर्यादा नाही), ४००, ८००, २००० भरा.

खरी डोकेदुखी उड्डाणपुलांची. दोन रेषा छेदल्या की सॉफ्टवेअर तिथे चौक मानतं. मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलाखालच्या आडव्या गल्ल्या मग थेट पुलाला जोडल्या जातात आणि सगळे आकडे बिघडतात. असे छेद 'अनलिंक' या सोयीने एकेक करून तोडावे लागतात, तेही सेगमेंट करण्याआधी, अ‍ॅक्सियल (लांब सरळ रेषांच्या मूळ) नकाशातच. कंटाळवाणं काम, पण टाळलंत तर निकाल कचरा.

अभ्यासक्षेत्राभोवती निदान त्रिज्येइतकी पट्टी जादा घ्या, नाहीतर हद्दीवरचे रस्ते निकालाच्या रंगीत नकाशात उगाच निळे, म्हणजे निर्जन दिसतात.